पोलिसांनी परदेशी आणि ‘परदेशी वाटणाऱ्या’ मुलांची यादी मागितली तर संस्थेने काय करायचं?

नारायणपेठी

नमस्कार मंडळी. धागा मुद्दाम राजकारण विभागात टाकलेला नाही, कृपया तिकडे ओढू नका.

मी पुण्यातल्या एका जुन्या विद्यार्थी वसतिगृहाच्या विश्वस्त मंडळावर आहे. नाव सांगत नाही. निम्मीअधिक मुलं मराठवाडा-विदर्भातली, स्पर्धा परीक्षावाली. बाकीची इतर राज्यांतली, आणि दरवर्षी काही परदेशी असतात : येमेन, अफगाणिस्तान, टांझानिया वगैरे. मेसमध्ये भांडी-पोळ्यांना जी पोरं आहेत ती मालदा आणि मुर्शिदाबादकडची, तिथेच मागच्या खोलीत राहतात.

मध्यंतरी रेक्टरांना फोन आला. ‘चौकीतून बोलतोय.’ सगळ्या परदेशी मुलांची आणि ‘बंगाली बोलणाऱ्या’ सगळ्यांची यादी, आधार कार्डांचे फोटो आणि मोबाइल नंबर आजच्या आज व्हॉट्सॲपवर पाठवा म्हणाले. पत्र नाही, बोलणाऱ्याने नाव नीट सांगितलं नाही, जावक क्रमांक वगैरे तर सोडाच. रेक्टर शहाणे, ‘विश्वस्तांना विचारून सांगतो’ म्हणून वेळ मारून नेली.

मग बैठक. एका विश्वस्तांचं म्हणणं, पोलिसांनी मागितलं की द्यायचं, आपल्याला काय लपवायचंय? दुसऱ्यांची नात बोस्टनला असते. त्यांनी लगेच मोबाइल काढून वाचून दाखवलं की न्यायाधीशाची सही असलेलं वॉरंट असल्याशिवाय दारसुद्धा उघडू नका. तिसरे झोपले होते. विश्वस्त मंडळ आहे, चालायचंच.

तर कायद्याने आम्ही काय द्यायला बांधील आहोत, काय नाही, आणि ते बोस्टनचं ज्ञान इथे कितपत चालतं? अनुभवी लोकांनी लिहावं.

सदाफुली

आधी हे सांगा, परदेशी मुलांचे सी फॉर्म (परदेशी माणूस राहायला ठेवल्याची सरकारला द्यायची माहिती) भरलेत का? नसतील तर बाकी चर्चा नंतर. आधी लॅपटॉप उघडा.

नारायणपेठी

भरलेत. रेक्टर त्या बाबतीत काटेकोर आहेत, पोचेच्या प्रिंट काढून फाइलला लावतात.

निवृत्त_खाकी

बरीच नोकरी पुण्यात विशेष शाखेत झाली, त्यातली काही वर्षं परकीय नागरिक नोंदणीच्या टेबलावर. म्हणून सविस्तर लिहितो.

मुंबईत या कामाला केंद्राचं स्वतंत्र एफआरआरओ (परदेशी नागरिकांची प्रादेशिक नोंदणी करणारं) कार्यालय आहे. पुण्यात मात्र आयुक्तालयाची विशेष शाखाच नोंदणी अधिकाऱ्याचं काम करते. म्हणजे ज्याला तुम्ही ‘इमिग्रेशनवाला’ समजता तो आपल्याच शहरातला पोलिस असतो. पुढे अमेरिकेची तुलना निघेल तेव्हा हे आठवा.

परदेशी माणूस ज्याच्या छपराखाली रात्री झोपतो त्याने 24 तासांत सी फॉर्म भरायचा. हॉटेल, लॉज, वसतिगृह, आश्रम, भाड्याने खोली देणारे काका, सगळे यात आले. महाविद्यालयाने आपल्याकडच्या परदेशी विद्यार्थ्यांचा एस फॉर्म भरायचा. 180 दिवसांपेक्षा जास्त मुदतीच्या व्हिसावर आलेल्या विद्यार्थ्याने आल्यापासून 14 दिवसांत स्वतःची नोंदणी करायची, पाकिस्तानी असेल तर 24 तासांत. 2018 पासून ई-एफआरआरओ या संकेतस्थळामुळे बहुतेक सगळं ऑनलाइन आहे.

हे कागदी खेळ का, असं अनेकांना वाटतं. कोरेगाव पार्कात एके काळी बंगल्यांच्या मागच्या खोल्या ओशो आश्रमात येणाऱ्या परदेशी साधकांना दिलेल्या असायच्या आणि सी फॉर्म म्हणजे काय हे मालकाच्या गावीही नसायचं. 13 फेब्रुवारी 2010 ला जर्मन बेकरीत स्फोट झाला, 17 माणसं गेली. त्याआधी 26/11 च्या हल्ल्यासाठी टेहळणी करणारा डेव्हिड हेडली पुण्यात येऊन राहून गेला होता हेही बाहेर आलं. तेव्हापासून लॉजचं रजिस्टर बघायला जाणं हा नुसता उपचार राहिला नाही.

आता तुमचा फोन. अशी यादी फोनवर मागणं ही पद्धत नाही. पण मागितली का जाते ते सांगतो. वरून मोहीम येते. मे 2025 मध्ये केंद्रीय गृहखात्याने राज्यांना कळवलं की संशयित बांगलादेशी आणि म्यानमारी लोकांची पडताळणी 30 दिवसांत करा. ते राज्याकडून आयुक्तालयात, तिथून परिमंडळात, तिथून पोलिस ठाण्यात उतरेपर्यंत हवालदाराच्या हातात दोन दिवस उरतात. त्याला संध्याकाळी आकडा द्यायचाय. तो पत्र टाइप करून, साहेबांची सही घेऊन, जावकला टाकून तुमच्याकडे येणार की फोन करणार? तो फोनच करणार. त्यात दरवेळी दुष्टपणा असतो असं नाही. पण त्याची घाई ही तुमची जबाबदारी नाही, एवढं रेक्टरना सांगा.

आणि महत्त्वाचं : तो फोन खरंच चौकीतून होता कशावरून? आधार कार्डांचे फोटो आणि मोबाइल नंबर एकगठ्ठा मिळाले तर सायबर चोरांची दिवाळी. ठाण्यात जाऊन ठाणे अंमलदाराला विचारा.

कट्टर_कोथरूड

म्हणजे आता पोलिसांनाच संशयित ठरवायचं. छान.

घुसखोरी खोटी आहे का? पुणे पोलिस दर काही महिन्यांनी बांगलादेशी नागरिक पकडतात. त्यांच्याकडे आधार, पॅन, कधी कधी पासपोर्टसुद्धा सापडतो. हे कागद कुणी दिले? संस्थांनीच ना? मालेगावात घुसखोरांना बोगस जन्मदाखले दिल्याचा आरोप झाला ते विसरलात? जानेवारी 2025 मध्ये विशेष तपास पथक नेमावं लागलं. कुणीतरी शिक्के मारले म्हणूनच ते झालं. वसतिगृहाने यादी दिली तर कुणाचं काय बिघडतं? जो भारतीय आहे तो दोन तासांत सुटेल.

वाघोली_नाका

‘दोन तासांत सुटेल’ हे वाक्य ज्याला कधी आत बसावं लागलं नाही तोच लिहितो.

मी बांधकाम मजुरांबरोबर काम करते. मालद्याच्या पोराची बोली आणि सीमेपलीकडच्या चापाई नवाबगंजच्या पोराची बोली एकच आहे. तुमच्या-आमच्या कानाला तर नाहीच, बंगाली माणसालाही फरक सांगताना घाम फुटेल. मग ‘बंगाली बोलणारे’ ही यादी कसली? ती यादी नागपूरच्या बंगाली डॉक्टरची का मागत नाहीत?

2025 च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात उचललेली पश्चिम बंगालची माणसं थेट सीमेपार ढकलली गेली आणि त्यांच्या राज्याने पाठपुरावा केल्यावर परत आणावी लागली. दिल्लीतून उचललेली बीरभूमची एक गरोदर बाई तर कलकत्ता उच्च न्यायालयाने सप्टेंबरमध्ये ‘परत आणा’ सांगितल्यावरही डिसेंबरपर्यंत तिकडेच अडकून होती. भारतीय होते ना सगळे? सुटले का दोन तासांत?

पुण्यातलं बघायचं तर जुलै 2025, चंदननगर. कारगिल युद्धात लढलेल्या माजी सैनिकाच्या कुटुंबाच्या घरात रात्री जमाव घुसला आणि कागद दाखवा म्हणाला. तिथे तर मागणारे सरकारी नव्हतेच. गुन्हा नोंदवला गेला, पण घरातल्या बायका-पोरांची ती रात्र गेली ती गेलीच.

माझा अनुभव असा की पहिला कागद बाहेर जातो तो ठेकेदाराच्या मस्टरमधून. मुकादम मोबाइलवर अख्खं मस्टर पाठवून देतो, कारण त्याला पोलिसांशी वाकडं नकोय. मग ती यादी कुठकुठे फिरते कुणाला माहीत.

कट्टर_कोथरूड

चंदननगरचं समर्थन मी केलेलं नाही. जमावाने कागद मागणं चूकच. पण पोलिस आणि जमाव यांत फरक करा.

वाघोली_नाका

तोच तर करतेय. पोलिस सही करतात. जमाव करत नाही. फोनवरचा माणूसही करत नाही.

ॲड_शिवाजीनगर

कोर्टातून आत्ता आले, वरचं सगळं वाचलं. कायद्यापुरतं लिहिते.

1 सप्टेंबर 2025 पासून इमिग्रेशन आणि परदेशी नागरिक कायदा 2025 लागू आहे. 1946 चा परदेशी नागरिक कायदा, 1939 चा नोंदणीचा, 1920 चा पासपोर्टचा आणि 2000 चा विमान-जहाज कंपन्यांच्या जबाबदारीचा, असे चार कायदे त्याने मोडीत काढले. राहण्याची सोय देणारे, शिक्षण संस्था आणि रुग्णालयं, या तिघांवर माहिती देण्याचं बंधन आता थेट कायद्याच्या मजकुरातच आहे. त्यामुळे ‘आम्ही शिक्षण संस्था, आम्ही माहिती देणार नाही’ असं पुण्यात म्हणता येणार नाही. बोस्टनचं ज्ञान इथे संपलं.

पण बंधन परदेशी नागरिकांपुरतं आहे. मुर्शिदाबादचा भारतीय नागरिक त्यात बसत नाही, तो कुठलीही भाषा बोलो. त्याच्याविषयी माहिती हवी असेल तर पोलिसांकडे दुसरे रस्ते आहेत. एखाद्या तपासात कागद हवे असतील तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 94 आहे, पूर्वीचं फौजदारी प्रक्रिया संहितेचं 91. त्यात ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याचा लेखी आदेश लागतो. कशासाठी, कोणते कागद, कुठे, कधी, ते सगळं त्यात आलं. असा आदेश आला की टाळाटाळ करू नका.

आधार कार्डांबद्दल तर गंमतच आहे. आधार हा नागरिकत्वाचा पुरावा नाही असं आधार कायद्याच्या कलम 9 मध्येच लिहिलंय. ऑगस्ट 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही ठाण्यातल्या एका प्रकरणात जामीन नाकारताना सांगितलं की आधार, पॅन, मतदार ओळखपत्र असलं म्हणून माणूस आपोआप नागरिक ठरत नाही. मग ज्या कागदाने काहीच सिद्ध होत नाही त्याचे फोटो गोळा करून पडताळणी कसली होणार?

कट्टर_कोथरूड यांच्यासाठी : हो, ‘मी परदेशी नाही’ हे सिद्ध करण्याचा भार त्या माणसावर असतो, जुन्या कायद्यात होता आणि नव्यातही आहे. पण जुलै 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आसामच्या एका प्रकरणात म्हटलं की तो भार टाकण्याआधी सरकारकडे संशयाला काहीतरी ठोस आधार असला पाहिजे. कुणाच्याही दारावर टकटक करून ‘सिद्ध कर’ म्हणता येत नाही. आणि अटक केली तर 24 तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करणं परदेशी माणसाच्या बाबतीतही लागू आहे. घटनेचं कलम 22 शत्रुराष्ट्राच्या नागरिकाला आणि प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेला वगळतं, साध्या परदेशी माणसाला नाही.

मुळामुठा

वकीलताई, __/\__ असं कुणी पहिल्या प्रतिसादात लिहिलं तर धागे दोन पानांत संपतील.

क्षेत्रीय_कारकून

मालेगावचा विषय निघाला म्हणून. मी महापालिकेच्या एका क्षेत्रीय कार्यालयात जन्म-मृत्यू नोंदणीला आहे (कुठल्या ते विचारू नका).

जन्माला वर्ष उलटून गेलं की उशिरा नोंदणीचा आदेश पूर्वी प्रथम वर्ग न्यायदंडाधिकारी द्यायचे. 2023 च्या दुरुस्तीने तो अधिकार जिल्हाधिकारी, प्रांत किंवा नेमून दिलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे गेला. कोर्टात साक्षीपुरावा होई, तहसिलात गर्दी झाली. गोंधळ तिथे झाला. आम्ही आलेल्या आदेशावर नोंद करतो.

आमच्याकडेही पोलिसांची पडताळणीची पत्रं येतात. पत्र आवकला चढतं, मी रजिस्टर काढतो, अमुक क्रमांकाची नोंद आमच्या दप्तरात आहे किंवा नाही एवढं उत्तर जातं. संपलं. एकदा एक जण तोंडी विचारायला आला, ‘हा माणूस बाहेरचा वाटतो का?’ मी म्हटलं, साहेब, मला रजिस्टर वाचता येतं, माणसं नाही. हसला आणि पत्र घेऊन आला.

सदाफुली

हे फार आवडलं. दप्तरात आहे की नाही, एवढंच.

परतलेला_बाणेरकर

बोस्टनच्या आजोबांची बाजू कुणीतरी घ्यायला हवी. आम्ही बरीच वर्षं न्यू जर्सीत होतो, बायको तिथल्या सरकारी शाळेत शिकवायची. ते ज्ञान चुकीचं नाही, फक्त तिथलं आहे.

अमेरिकेत इमिग्रेशन हे केंद्राचं खातं आणि गावचे पोलिस गावचे. केंद्राच्या कामाला राज्याची माणसं जुंपता येत नाहीत हे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 1997 च्या प्रिंट्झ निकालात सांगितलं. मजा म्हणजे ते प्रकरण बंदुकांचं होतं. पिस्तूल विकत घेणाऱ्याची चौकशी केंद्राने गावोगावच्या शेरीफांच्या (तिथल्या स्थानिक पोलिसप्रमुखांच्या) गळ्यात मारली होती, मोंटाना आणि ॲरिझोनाचे दोन शेरीफ कोर्टात गेले आणि जिंकले. बंदूकवाल्यांनी कमावलेला तो निकाल आज स्थलांतरितांना सांभाळणारी शहरं वापरतात.

प्रत्यक्षात काय होतं? गावच्या तुरुंगात कुणी आला की त्याच्या बोटांचे ठसे केंद्राकडे जातातच. मग आइस, म्हणजे त्यांचं इमिग्रेशन अंमलबजावणी खातं, तुरुंगाला एक फॉर्म पाठवतं : याला सोडायची वेळ झाली तरी आणखी 48 तास धरून ठेवा. पूर्वी बहुतेक ठिकाणी निमूट धरायचे. 2014 मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या प्रकरणात अपील न्यायालयाने सांगितलं की हा हुकूम नाही, विनंती आहे, त्यामुळे धरल्याची जबाबदारी काउंटीची, म्हणजे तिथल्या जिल्ह्याची. त्याच वर्षी ओरेगॉनमध्ये एका काउंटीने असं धरून ठेवणं न्यायालयाने घटनाबाह्य ठरवलं. तेव्हा वकिलांची बिलं डोळ्यांपुढे आली आणि अनेक काउंट्यांनी न्यायाधीशाचा कागद मागायला सुरुवात केली. भूतदया वगैरे नंतरची गोष्ट, आधी खिसा.

पुढे राज्यागणिक दोन टोकं झाली. कॅलिफोर्निया आणि इलिनॉयने 2017 मध्ये कायदे करून पोलिसांची मदत मर्यादित केली, न्यू जर्सीत 2018 मध्ये ॲटर्नी जनरलचं परिपत्रक आलं. उलट टेक्ससने 2017 मध्येच कायदा केला की ती विनंती पाळलीच पाहिजे, नाही पाळली तर शेरीफवर कारवाई. फ्लोरिडाही त्याच वाटेने. शिवाय 1996 पासून 287(जी) म्हणून एक तरतूद आहे, तिच्याखाली गावचे पोलिस करार करून स्वतःच इमिग्रेशनचं काम अंगावर घेतात.

शाळेचं वेगळं. कागद नसलेल्या मुलांनाही सरकारी शाळेत प्रवेश नाकारता येत नाही, हे 1982 च्या प्लायलर निकालापासून पक्कं आहे. शाळा, दवाखाने, प्रार्थनास्थळं इथे सहसा कारवाई करायची नाही असं केंद्राचं 2011 पासूनचं धोरण होतं, ते जानेवारी 2025 मध्ये मागे घेतलं गेलं. बायकोच्या जुन्या सहकारी सांगतात की आता ऑफिसच्या काउंटरवरच्या बाईला शिकवून ठेवलंय : आलेल्या माणसाला तिथेच बसवायचं, वरिष्ठांना फोन लावायचा, कागदावर सही कुणाची ते बघायची. आय-200 नावाच्या वॉरंटवर खात्याच्याच अधिकाऱ्याची सही असते. त्यावर माणसाला पकडता येतं, पण शाळेच्या आतल्या वर्गात परवानगीशिवाय शिरता येत नाही. त्याला न्यायाधीशाची सही लागते. आजोबांच्या व्हॉट्सॲपचा उगम हा.

आता खाकीकाकांनी सुरुवातीला जे सांगितलं ते बघा. पुण्यात केंद्राचं काम करणारा आणि गावचा पोलिस एकच माणूस आहे. मध्ये नाही म्हणायला दुसरं कुणी उरतच नाही.

लेक_डॅलसला

बाणेरकर, तुमचं बरोबर आहे, पण तिथली विद्यापीठं वेगळ्या माळेतली आहेत हे सांगायचं राहिलं. एफ-1 म्हणजे विद्यार्थी व्हिसावरच्या प्रत्येक मुलाची माहिती विद्यापीठ सेव्हिस नावाच्या केंद्राच्या प्रणालीत भरतं. पत्ता बदलला, अभ्यासक्रम सोडला, क्रेडिट कमी घेतली, सगळं. आपला एस फॉर्म, पण रोजचा. त्याला ‘नाही’ म्हणणारं विद्यापीठ परदेशी मुलं घेऊच शकत नाही.

एप्रिल 2025 मध्ये 4,700 हून अधिक मुलांच्या नोंदी खात्याने परस्पर बंद केल्या. अनेक विद्यापीठांना ते संगणक उघडून बघितल्यावर कळलं. माझ्या मुलीच्या वर्गातल्या एका तेलुगू मुलाचं नाव त्यात होतं, कारण काय तर कधीतरीचं ट्रॅफिकचं चलन. त्या आठवड्यात इथे आमच्या घरी कुणी नीट जेवलं नाही. त्यांच्या इंटरनॅशनल ऑफिसातल्या बाईने रोज सकाळी सगळ्या मुलांच्या नोंदी स्वतः तपासल्या आणि काही दिसलं की त्याच तासाला मुलाला फोन केला. कोर्टात ढिगाने अर्ज गेल्यावर महिनाअखेर नोंदी परत सुरू केल्या. ती बाई सरकारला अडवू शकत नव्हती. पण मुलाला सांगायला तिला कुणी मनाई केलेली नव्हती, आणि वकील गाठायला तेवढा वेळ पुरला.

नारायणपेठी

ताई, हा मुद्दा आमच्या लक्षातच आला नव्हता. परदेशी मुलांची माहिती गेली तर ती मुलांना सांगायची. मेसच्या पोरांनाही. बैठकीत मांडतो.

निवृत्त_खाकी

सांगायला हरकत नाही, फक्त आदेशात गोपनीय चौकशी म्हटलं असेल तर आधी वकिलाला दाखवा. एरवी नोंदणीची माहिती लपवण्यासारखी नसतेच, ती त्या मुलाचीच असते.

झणझणीत_कोल्हापुरी

अवांतर : दुसऱ्या महायुद्धात कोल्हापूरजवळ वळिवड्याला पाच हजारांच्या आसपास पोलिश निर्वासित राहात होते. आमचे आजोबा सांगायचे… (बास, धागा भरकटेल. वेगळा काढतो.)

मुळामुठा

काढाच.

सिस्टर_के

रुग्णालयाचा उल्लेख झाला म्हणून लिहिते. वैद्यकीय व्हिसावर येणाऱ्यांचं सोपं असतं, त्यांच्यासाठी मोठ्या रुग्णालयांत वेगळं टेबल असतं, पासपोर्टची प्रत घेतली की माहिती भरून टाकतात. नव्या कायद्यात आंतररुग्ण आणि त्याच्यासोबत तिथे राहिलेला नातेवाईक दोघांचीही माहिती द्यायची आहे. प्रश्न येतो तो रात्री दोन वाजता कळा सुरू झालेल्या, कागदच नसलेल्या बाईचा. सर्वोच्च न्यायालयाच्या 1989 च्या परमानंद कटारा निकालापासून आम्हाला एवढं शिकवलंय की तातडीचा रुग्ण आधी घ्यायचा, पोलिस आणि कागद नंतर. केसपेपरवर ती जे नाव-गाव सांगेल ते लिहितो. ती कुठल्या देशाची याचा अंदाज लिहायला केसपेपरवर रकाना नाही, आणि तो नर्सने करूही नये. पण भीतीने बाई आलीच नाही तर? ते आमच्या कुठल्याच रजिस्टरमध्ये येत नाही.

भटक्या_सिंहगड

वकीलताईंना प्रश्न. अमेरिकेत राज्य केंद्राला नाही म्हणू शकतं. आपल्याकडे कधी कुणी म्हटलंय का? की घटनेतच सोय नाही?

ॲड_शिवाजीनगर

चांगला प्रश्न. नागरिकत्व, परदेशी माणसं आणि त्यांना देशाबाहेर काढणं हे केंद्रसूचीतले विषय. पोलिस राज्यसूचीत. केंद्राने 1958 मध्ये घटनेच्या कलम 258 खाली परदेशी माणसांना शोधून परत पाठवण्याचे आपले अधिकार राज्यांकडे सोपवले, म्हणून आपल्या शहराचे पोलिस ते काम करतात. कागदावर राज्याला नकाराला जागा फार कमी.

तरी मिझोरम बघा. म्यानमारमध्ये फेब्रुवारी 2021 मध्ये लष्कराने सत्ता घेतल्यावर तिथल्या चिन जमातीचे लोक सीमा ओलांडून येऊ लागले. मार्चमध्ये केंद्राने ईशान्येच्या राज्यांना लिहिलं की त्यांना अडवा आणि परत पाठवा. मुख्यमंत्री झोरामथांगांनी थेट पंतप्रधानांना पत्र लिहून हे मिझोरमला मान्य नाही असं कळवलं. ही आमच्याच रक्ताची माणसं आहेत, त्यांच्याकडे पाठ फिरवता येणार नाही, असं त्यांचं म्हणणं. चर्च आणि गावांनी छावण्या चालवल्या. केंद्राने आग्रह धरला नाही. शेजारच्या मणिपूरने त्याच महिन्यात जिल्हाधिकाऱ्यांना कळवलं की छावण्या उघडू नका, आलेल्यांना नम्रपणे परत पाठवा. मग इतका गदारोळ झाला की काही दिवसांत आदेश मागे घ्यावा लागला.

म्हणजे आपल्याकडे नकार कोर्टात जिंकत नाहीत, राजकारणात रेटतात. मिझोरमला ते जमलं कारण अख्खं राज्य एका बाजूला होतं. तुमच्या वसतिगृहाच्या मागे नारायण पेठसुद्धा उभी राहणार नाही.

नारायणपेठी

नारायण पेठ पार्किंगशिवाय कशासाठीच उभी राहात नाही.

कट्टर_कोथरूड

मिझोरमचं उदाहरण पुण्यात आणू नका. तिथे सीमेचा आणि नात्याचा प्रश्न आहे. बाकी लेखी मागा याला माझा विरोध नाही. पण लेखी आल्यावर पुन्हा नवीन कारण काढायचं नाही.

नारायणपेठी

अपडेट देतो, कारण धागा त्यासाठीच काढला होता.

रेक्टर आणि मी ठाण्यात जाऊन आलो. फोन तिथूनच होता. हवालदार भला माणूस, म्हणाला वरून विचारलंय, मी काय करू. आम्ही आमच्या लेटरहेडवर पत्र दिलं आणि पोच घेतली. परदेशी विद्यार्थ्यांचे सी फॉर्म वेळेत भरलेत, पोचेच्या प्रती सोबत जोडल्यात. बाकी रहिवाशांची माहिती हवी असल्यास कोणत्या आदेशाखाली ते लेखी कळवावं, ताबडतोब देऊ. ‘बंगाली बोलणारे’ असा वर्ग आमच्या रजिस्टरला नाही.

काही दिवसांनी लेखी आलं. पोलिस आयुक्त भाडेकरूंची माहिती ठाण्यात देण्याचे जे आदेश वेळोवेळी काढतात, संहितेचं कलम 163, पूर्वीचं 144, त्याचा हवाला होता. वकीलताईंनी व्यक्तिगत निरोपातून सांगितलं की हा आदेश राहणाऱ्या सगळ्यांना लागू होतो, न पाळल्यास गुन्हा आहे. मग आम्ही सगळ्यांची माहिती दिली. बीड, लातूर, यवतमाळ, मालदा, सगळी. आदेशात होते तेवढेच रकाने भरले. आधारचे फोटो त्यात नव्हते, दिले नाहीत. मेसच्या पोरांना बसवून काय दिलंय ते वाचून दाखवलं. एकाने विचारलं, ‘बीडच्या दादांचं पण नाव आहे?’ आहे म्हटल्यावर गेला पोळ्या लाटायला.

झोपलेल्या विश्वस्तांनी इतिवृत्तावर सही केली. तेही जागे होते म्हणे.

कट्टर_कोथरूड

दीडशे पोरांची माहिती देऊन चार जणांची पडताळणी अवघड करून ठेवलीत. हुशार आहात.

नारायणपेठी

आदेश तुमच्या पोलिसांचा, पाळला आम्ही.

वाघोली_नाका

त्या पोरांची मूळ कागदपत्रं ऑफिसच्या कपाटात ठेवली असतील तर परत द्या. ‘हरवतील म्हणून आमच्याकडे ठेवतो’ असं बरेच मालक करतात आणि नेमक्या वेळी कपाटाची किल्ली रजेवर असते. गावच्या पंचायत प्रधानाचा आणि तिकडच्या पोलिस ठाण्याचा नंबरही त्यांच्याकडे लिहिलेला असू दे, पडताळणी शेवटी तिथेच फोन करून होते.

सदाफुली

एक साधा प्रश्न. आमच्या शेजारच्या काकूंकडे टांझानियाची मुलगी पेइंग गेस्ट येतेय, शनिवारी रात्री उशिरा. 24 तास म्हणजे रविवार पण धरायचा की सोमवारी भरलं तर चालेल?

निवृत्त_खाकी

रविवार धरायचा. ऑनलाइन आहे, ऑफिस उघडं असायची गरज नाही. घरमालक म्हणून काकूंचं खातं आधी काढून ठेवा, ते आयत्या वेळी अडतं. पासपोर्ट, व्हिसा आणि फोटो स्कॅन करून हाताशी ठेवा, आणि पोचेची प्रिंट काढायला विसरू नका.